ब्याऐंशी सेंटिमीटर

सहा वर्षांची लेक मिनोरी गेली आणि सुमिएला जुन्या ओट्याशी उभं राहवेना. तिनं सगळं स्वयंपाकघरच नवं करून घेतलं. ओटा तिच्याच मापाचा: उंचीच्या निम्मे, वर पाच, म्हणजे ब्याऐंशी सेंटिमीटर.

पहिल्या दिवशी ओटा बरोबर कमरेला लागला. दुसऱ्या दिवशी छातीला.

नवऱ्यानं, तादाओनं, टेप लावून पाहिली. "ब्याऐंशीच आहे गं. आणि तूही होतीस तेवढीच आहेस. काहीतरीच तुझं!"

तिसऱ्या दिवशी ओटा हनुवटीला टेकला. सुमिएनं कपाटात दडवलेलं लेकीचं स्टूल काढलं आणि त्यावर चढून मुळा चिरायला घेतला.

मागून येऊन तादाओनं तिच्या हातातली सुरी अलगद काढून घेतली.

"सुरीला हात नाही लावायचा, मिनोरी. आईला येऊ दे."