तिसरं बटण

"तिसरं परत गेलं," दादा फोनवर म्हणाला. "ऐन सोलोच्या तोंडावर."

मागून ड्रमरचा आवाज येत होता. तो कोणावर ओरडतोय, हे बहिणीला विचारायची गरज नव्हती.

"संध्याकाळी डबा घेऊन ये," ती म्हणाली. तिने फोन खिशात टाकला आणि पुन्हा लिफ्टच्या पॅनेलमध्ये डोकं घातलं.

लिफ्ट दुरुस्त करणं हे तिचं काम. बटणं म्हणजे तिचं पोटपाणी. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टची बटणं तिचं मुकाट्याने ऐकायची, आणि घरी बनवलेल्या एका डब्यातली पाच बटणं तिच्या नाकीनऊ आणत होती.

डबा तिने आपणहून अंगावर घेतला होता. दादा बँडमध्ये गिटार वाजवायचा. गाणं चालू असताना गिटारचा आवाज बदलायचा, तर दर वेळी वाकून आवाज बदलणाऱ्या यंत्राशी, प्रोसेसरशी, झटापट करावी लागायची. "विकतचा कशाला? मी करून देते की," ती ऐटीत म्हणाली होती. पायाने बटण दाबायचं, डब्यातली चिप मिडीच्या, म्हणजे वाद्यं जोडायच्या केबलमधून प्रोसेसरला निरोप धाडणार आणि शांत वाजणारी गिटार क्षणात गरजायला लागणार. त्यात काय मोठंसं?

पहिल्याच तालमीनंतर दादा म्हणाला, "बटण दाबल्यासारखं वाटतच नाही गं."

तिने कडक बटणं बसवली. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा खटका वाजायचा. पुढच्या तालमीत दादाने तिसरं दाबलं आणि दुसरं लागलं. तिने बटणांमधलं अंतर वाढवलं. मग एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. तिने प्रोग्राम नव्याने लिहिला. मग काहीच लागेना. तिने केबल बदलली. दादाने प्रत्येक बटणाशेजारी दिवा मागितला, तिने दिवा दिला. मोठा हवा म्हणाला, मोठा दिला. डबा फुगत फुगत सुटकेसएवढा झाला. "कुठे बाहेरगावी का?" असं शेजारीण जिन्यात विचारायला लागली.

आणि घरी तो डबा सोन्यासारखा वागायचा. बोटाने दाबा, अंगठ्याने दाबा, टाचेने दाबा, एकदाही चुकला नाही. दादाच्या पायाखाली गेला की अंगात आल्यासारखा करायचा. कधी कधी तिला वाटायचं, उचलावा आणि लिफ्टच्या खड्ड्यात फेकून द्यावा.

संध्याकाळी दादाला ड्रमरच सोडायला आला. दादा कठड्याला धरून, एकेक पायरी बघत वर आला. डबा ड्रमरच्या हातात होता.

"बाइक कुठेय तुझी?" तिने विचारलं.

"गॅरेजमध्ये. गिअर नीट पडत नाही. मेकॅनिक म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही." दादा खुर्चीत बसला. "तोही तुझ्यासारखंच बोलतो. सगळे तुझेच भाऊबंद."

ड्रमर दारातच थांबला. "ताई, तुम्ही जीव तोडून करताय, दिसतंय मला. पण उद्याच्या कार्यक्रमाला रेकॉर्डिंगवाले येणारेत ऐकायला. हा आधी डोळे मिटून वाजवायचा. आता सगळा वेळ खाली बघतो. काहीतरी सांडलंय आणि शोधतोय, असं वाटतं."

"डब्यावर भरवसा नाही ना त्याचा."

"मग डब्याचं काहीतरी करा. नाहीतर मला दुसरा गिटारिस्ट बघावा लागेल."

हे तो तिच्याकडे बघून बोलला. दादाकडे बघायचं त्याने टाळलं. मग जिना उतरून गेला.

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती चिडली.

"हे बघ दादा, माझ्या डब्यात बिघाड नाहीये!"

"मग काय मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हटलं मी."

"शाळेत असल्यापासून वाजवतोय मी. एक बटण दाबता येणार नाही मला?"

तिने फरशीवर बसकण मारली, डबा उलटा केला, स्क्रू काढले. तिसऱ्या बटणाच्या तारा ठणठणीत होत्या. तरीही तिने त्या उपटल्या, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि रागारागाने डाग देऊन नव्याने जोडल्या. डबा सुलटा करून दादापुढे सरकवला, सोल्डरिंग आयर्न फरशीवर टेकवलं आणि लॅपटॉप डब्याला जोडून मांडीवर घेतला. बटणाचा निरोप निघाला की स्क्रीनवर ओळ उमटणार होती. आता दूध का दूध, पाणी का पाणी.

"गिटार घे. आणि बूट काढ. तळ जाड आहेत, त्यानेच कळत नसेल तुला."

दादाने बूट काढले. मोजेही काढले. भिंतीला हात लावून तो उभा राहिला आणि पायांकडे बघायला लागला.

"खाली नाही बघायचं. स्टेजवर आहेस असं समज. मान वर."

त्याने मान वर केली. समोरच्या खिडकीकडे बघत वाजवायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली. किती दिवसांनी तो असा वाजवत होता! सोलो जवळ आला.

"तिसरं," ती म्हणाली.

स्क्रीन कोरीच राहिली.

"दाब ना!"

"दाबलंय."

"नाही दाबलेलं, दादा."

"दाबून धरलंय गं!"

तिने डोळे फाडून स्क्रीनकडे पाहिलं. एक अक्षर नाही. म्हणजे घोळ खरंच तिच्याच डब्यात होता. इतके दिवस ती उगाच त्याच्यावर खेकसत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहीतरी जळतंय," दादा म्हणाला. मान वरच, हात तारांवर. "वास येतोय बघ. मी सांगत होतो ना? गेला तुझा डबा."

तिने खाली पाहिलं. डबा ठीक होता. डब्याच्या अलीकडे, दादाचं अनवाणी पाऊल तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर रोवलेलं होतं, आणि तो आणखी जोर देत होता.