शनिवारची गळती

"दुरुस्तीला इंजिनाचा टर्बो उतरवला, तर सोमवारची हंगामातली पहिली फेरी गेली," मेकॅनिक म्हणाला. तांडेलाने आपल्या बोटीच्या इंजिनाकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. तीन आठवडे तेल गळत होतं, तेही फक्त शनिवारी.

शुक्रवारी मेकॅनिकने सगळ्या इंजिनाला टाल्कम पावडर फासली. गळेल तिथे ओघळ दिसणार. शनिवारी ओघळ दिसला. टर्बोच्या माथ्यावरून निघालेला, शेजारी पाच बोटांचे ठसे.

मागे तांडेलाची आई उभी होती. एका हातात तेलाची रिकामी वाटी, दुसऱ्यात नारळ.

"आये, इंजिनावर तेल?" तांडेल ओरडला.

"अंगानं दांडगा, माझ्या लेकाला दर्यापार नेऊन आणतो. मारुती नाय तर कोण?"

मेकॅनिकने चपला काढल्या. "टर्बो ठणठणीत आहे. सोमवारी निघा," तो म्हणाला. "आये, नारळ तेवढा दुसरीकडे फोडा."