पाचवी हाक

"मावशी, शू!"

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या सहा वर्षांच्या पोरीची सकाळपासूनची ही पाचवी हाक. लघवीची नळी आजच काढलेली, पण पलंगावरून उठायला बंदी, म्हणून दर वेळी भांडं न्यायचं आणि धुऊन आणायचं. वॉर्डातल्या मावशींचा जीव मेटाकुटीला आला होता. बरं, एवढं करून भांड्यात काय, तर चार थेंब!

"ताई, पोरगी नुसती नाचवतेय आपल्याला," त्या पोरीच्या आईवर करवादल्या. "एक डायपर बांधून टाकते. तिलाही आराम, मलाही."

आईनं त्यांच्या हातातला डायपर काढूनच घेतला. "मावशी, पाया पडते तुमच्या. भांडं मी उचलते, मी धुते, पण हे नको."

"अहो, पण का?"

"जन्मल्यापासून डायपरच बांधलाय हिला. मणक्यातली नस अडकलेली, ओलं झालं तरी कळायचं नाही. आज पहिल्यांदा हिला आधी कळतंय."

भांडं मात्र मावशींनीच धुतलं.

पुढे तासभर हाक आली नाही, तेव्हा त्या आपणहून पलंगाशी गेल्या.

"काय गं सटवे, शू नाही का आली अजून?"