पाचवी डिस्क

या, टेका जरा. आपल्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या राफाएलची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, चहा निवायच्या आत संपेल. हसू आलं तर मधेच हसून घ्या, पुढं जागा मिळायची नाही.

शनिवारची सकाळ. राफाएल पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेला आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर कोकलतोय. टीं... टीं... टीं. काल सांजेला शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या पवित्र शनिवारचे, दिवे लावून म्हातारा वळला आणि तेव्हाच सुरू झालं ते. डोक्यावरून विमान गेलं की तेवढा वेळ ऐकू यायचं नाही. मग परत टीं.

त्या डबड्यात त्यानं महिनाभर खपून चार हार्ड डिस्का एकात जोडल्या होत्या. व्हिडिओ बघून बघून, स्वतःच्या हातानं. चारही जुन्या, कार बूट सेलमधल्या, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं विकतात त्या बाजारातल्या, एकाच माणसाकडून घेतलेल्या. त्या माणसानं एकच बजावलं होतं : म्हाताऱ्या आहेत, फिरत्या ठेव. थांबल्या की परत उठतीलच असं नाही.

आता राफाएलचा जन्म गेला एअरपोर्टवर बॅगा चढवण्यात. लेकीला फोनवर त्यानं समजावलं ते असं : "शानी, चार जणांनी एक पेटी उचललीय समज. एक सटकला तर तिघं धरतात. तेवढ्यात नवा माणूस लावायचा. दोन सटकले की पेटी खाली."

पेटीत काय, तर सिप्पोरा. त्याची बायको. म्हणजे तिचा आवाज हो. मलिद्याच्या विधीला बाया जमवून म्हणायची ती मराठी गाणी, तीस वर्षांच्या कॅसेटी. वर फोनवरचं "अहो, येताना दूध आणा." सगळं त्या चार डिस्कांवर चढवलं आणि कॅसेटी नेऊन कौन्सिलच्या टिपवर, कचरा डेपोत, फेकल्या.

शानी नॉटिंगहॅमहून ओरडली, "पप्पा, तू टेप का फेकला?"

"अगं, चार चार डिस्का आहेत. सगळ्या एकदम मरतील का?"

तर एक मेली होती. म्हणून ते कोकलणं. पाचवी, नवीकोरी, टेबलावर खोक्यात तयार पडलेली. मशीन बंदसुद्धा करायला लागत नाही, मेलेली काढायची, नवी खाचेत सरकवायची. मिनिटाचं काम.

पण शब्बाथ. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी रात्र पडेपर्यंत विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही.

बायको होती तोवर या माणसानं एक शनिवार पाळला नाही. ड्युटी, ओव्हरटाइम. ती दिवे लावायची आणि एकटी जेवायची. बोलली कधी नाही. ती गेली त्या आठवड्यापासून त्यानं एक चुकवला नाही. आणि आता तिचा आवाज वाचवायचा, तर तिचाच शब्बाथ मोडायचा.

बसला हात मांडीखाली घालून.

साडेदहाला सुलक्षणा आली. शेजारची, नागपूरची. दर शनिवारी डोकावते. शब्बाथला दुसऱ्याला 'अमुक कर' म्हणून सांगायचंही नसतं, नुसतं सुचवायचं. "फार उकडतंय गं" म्हटलं की ती हीटिंग कमी करते. तिला त्याची मजा वाटते.

"काय राफाएलकाका, आज काय कोडं?"

"ते डबडं ओरडतंय गं, कालपासून."

"ऐकू येतंय ना, भिंतीपलीकडं. मग?"

राफाएलनं टेबलाकडं बघितलं. "आणि तो खोका नुसताच पडलाय तिथं. नवाकोरा."

"हात्तिच्या, एवढंच!" सुलक्षणानं खोका उचलला, पदरासारखी ओढणी फिरवून पुसला आणि नीट कपाटात ठेवला.

राफाएलनं डोळे मिटले. "कपाटात राहून तो काय कामाचा गं?"

"राहू द्या हो, लागेल तेव्हा सापडेल. तुमचं तोंड बघा आधी. रात्रभर झोपला नाहीत ना या आवाजानं?"

आणि ती वाकली.

"अगं..." एवढं तोंडातून निघेपर्यंत भिंतीवरचं बटण खट् झालं.

टीं थांबलं. त्याच्यामागं डिस्कांची घरघर खाली खाली आली आणि तीही थांबली.

"बघा! सुटलं की नाही कोडं?" सुलक्षणा हसली. मग म्हणाली, "काय झालं काका?"

"काही नाही," राफाएल म्हणाला. "बस तू. केक आहे, घे."

तिनं दोन तुकडे खाल्ले. चांगला झालाय म्हणाली.

संध्याकाळी तो मागच्या अंगणात उभा राहिला. तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. दोनदा विमानाच्या दिव्यांना फसला. खरे तीन दिसले तेव्हा आत आला, बटण दाबलं आणि डबड्याला कान लावून गुडघ्यावर बसला.

दोन उठल्या. दोन नाही उठल्या.

तरी कपाटातून पाचवी काढून त्यानं खाचेत सरकवली. अलगद, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतात तशी.

पुढच्या शनिवारी सुलक्षणा परत दारात. "काय काका, आता नाही ना वाजत?"

"नाही गं," राफाएल म्हणाला. "आता काहीच वाजत नाही."

तर मी काय म्हणतो, तुम्ही कॉव्हेंट्रीला ऑर्लीच्या मेंदीला होतात. व्हिडिओ काढत होतात, मी बघितलंय. मागं बाया गात होत्या, त्यात सगळ्यात जाडा आवाज सिप्पोराचा. तेवढं शोधा जरा फोनात. सापडलं तर शनिवार सोडून कधीही घेऊन जा त्याच्याकडं. आणि दारात सुलक्षणा भेटली, तर कशाला आलात ते तेवढं तिला सांगू नका.