बिनतारी कुंपण

क्वीन्सलँडच्या माळावर तारेचं कुंपण नव्हतंच. गायींच्या गळ्यातले पट्टे रेडिओवरून एकमेकांशी बोलत आणि न दिसणारी हद्द राखत. ओलांडली की आधी शिट्टी, मग झटका. आज आमचा प्रयोग बघायला त्याला पैसे पुरवणारे पाहुणे आले आणि नेमकी एक तांबडी गाय हद्दीबाहेर निघाली. शिट्टी वाजली, झटका बसला. ती थरथरली, पण मागे फिरेना. “झटका वाढव,” आमचा प्रमुख गॅव्हिन खेकसला. “आधी स्वतःच्या गळ्यात बांधून बघ,” गायींची मालकीण नोएलीन म्हणाली. मी संगणकाच्या पडद्यावरून नजर उचलली. पलीकडे गवतात गायीचं वासरू हंबरत होतं. वासरांना आम्ही पट्टे घातलेच नव्हते. यंत्राच्या लेखी वासरं नव्हतीच. मी झटका बंद केला. “संशोधन बुडेल तुझं!” गॅव्हिन ओरडला. “बुडू दे.” आमची चूक सगळ्यांना ऐकू यावी म्हणून शिट्टी मात्र मी चालूच ठेवली. गाय वासरापाशी पोहोचली. पाहुण्यांसमोर पट्टा किंचाळत राहिला आणि वासरू लुचत राहिलं.