बापाची भाषा

हिल्मारने घसा खाकरला आणि लेनीराच्या घरी सगळं भाषण तिच्या बापाच्या तुकानो भाषेत ठोकलं. वडीलधाऱ्यांना नमस्कार झाला, नदीचं कौतुक झालं, शेवटी लेनीराला मागणीही घालून झाली. एकही शब्द अडला नाही. पावसाळाभर एका नावाड्याकडून गुपचूप शिकला होता बिचारा. खुद्द लेनीरालाही त्याचा पत्ता नव्हता.

लेनीराने कपाळावर हात मारला. तिचा बाप लौरेआनो समोरच्या बाकावर बसून कसाव्याच्या कंदाची भाकरी मोडत होता. त्याचा हात थांबला.

"छान बोलतो," तो बायकोला म्हणाला. "अगदी आपल्या घरातल्या पोरासारखा."

हे काही कौतुक नव्हतं.

"अरे शहाण्या, आधी मला विचारायचंस तरी!" लेनीरा कुजबुजली. "आमच्यात ज्यांच्या बापाची भाषा एक, ती भावंडं. भावंडांची लग्नं कोण लावतं? माझी आई बघ, तुयुका बोलणाऱ्यांतली आहे. बाबांशी आजवर तुयुकातच भांडते."

हिल्मार कानापर्यंत लाल झाला.

"ही भाषा माझी झाली," लौरेआनो म्हणाला. "तू कुठून तरी दक्षिणेकडून आलास. तुझ्या बापाची कोणती?"

"पोर्तुगीज."

"ती दुकानातली. डॉक्टरची, फौजदाराची. ती माझी पोरंही बोलतात आणि माझा पोपटही बोलतो. मी बापाची विचारतोय. नसेल तर तसं सांग. पण ज्याला स्वतःची भाषा नाही, त्याला मी मुलगी देत नाही."

 हिल्मारला भाषा होती. डोंगरातल्या त्याच्या गावात सगळे पोमेरानी बोलत. पणजोबा समुद्रापलीकडून येऊन जहाजातून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ या भाषेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. पण शाळेत बाईंनी त्याच्या बोलण्याची नक्कल करून अख्खा वर्ग हसवला होता, आणि त्यानंतर त्याने ती भाषा घराच्या उंबऱ्याबाहेर काढली नव्हती. लेनीरासमोर तर मुळीच नाही. त्याला त्या भाषेची लाज वाटायची. या क्षणीही वाटत होती. पण लेनीरा बापाच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती. तसं तिने आधीच बजावून ठेवलं होतं.

तो उभा राहिला. म्हणावं तरी काय? काहीच आठवेना. मग बटाट्याच्या शेतात डुक्कर घुसलं की त्याची आई जे काही ओरडायची, ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. डुकराच्या खानदानाचा उद्धारही वगळला नाही.

लौरेआनोने डोळे मिटून, मान डोलावत, सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो बायकोकडे वळला. नदीकाठच्या बहुतेक भाषा तिला येत.

"काही कळलं?"

"छे! ओ की ठो नाही."

"मलाही नाही," लौरेआनो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने मासळीच्या झणझणीत रश्श्याचं भांडं हिल्मारपुढे सरकवलं.

"जेवा, जावईबापू."