चटईएवढं गवत

चेतनाने कुदळीने चौकोन कापला आणि गवताचा तुकडा भाकरीसारखा उलटा केला. खाली काळी, ओली, भुसभुशीत माती. मुळं लांब, पांढरीशुभ्र. एक गांडूळ अंग चोरून आत सरकलं. हुमणी नव्हती.

"इथंही नाही," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

अळी सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलेलं माणूस मुलुंडच्या त्या मैदानाने पहिल्यांदाच पाहिलं असेल. मागच्या वर्षी याच हुमणीने मैदानातल्या गवताची मुळं खाल्ली होती. दसऱ्यापर्यंत हिरवळ करपल्यासारखी झाली आणि क्लबच्या कमिटीने ठरवून टाकलं, गवत पुरे, आता प्लॅस्टिक अंथरू. चेतना याच गवतावर गुडघे फोडून घेत मोठी झालेली. पुढे किड्यांचं शास्त्र शिकली. तिने कमिटीकडून एक पावसाळा मागून घेतला. अंड्यातून अळी निघण्याआधीच मातीत औषध द्यायचं, तिला मुळाशी पोहोचूच द्यायचं नाही. तिने मैदानाचे वाफे पाडले. लाल खुंटीच्या वाफ्यांना औषध, पांढऱ्या खुंटीच्यांना नुसतं पाणी. लाल वाफे धडधाकट आणि पांढरे पोखरलेले निघाले, तरच औषध खरं.

आणि आज सगळेच वाफे धडधाकट होते. पांढऱ्या खुंट्यांभोवतीचं गवत तर नव्या नवरीसारखं डोलत होतं.

क्लबचे सेक्रेटरी श्यामसुंदर काखेत प्लॅस्टिकच्या हिरवळीची गुंडाळी धरून उभे होते. नमुन्याचा तुकडा, चटईएवढा. संध्याकाळी कमिटीपुढे तोच पसरायचा होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," ते म्हणाले. "पण मी त्यांना काय सांगू? यंदा हुमणी आलीच नाही, तर तुझ्या औषधाने मारलं कुणाला?"

"आली होती, सर. त्या कडुलिंबावर हुमणीच्या भुंगेऱ्यांची जत्रा भरली होती जूनमध्ये. मी स्वतः बघितली."

"मग पोरंबाळं कुठं गेली त्यांची? गावी?"

कडुलिंबाखालच्या कोपऱ्यातून सुलक्षणामावशीचा आवाज आला. "हट् मेल्यांनो! सकाळधरनं याच कोपऱ्यात काय ठेवलंय तुमचं?" ती साळुंक्या हाकलत होती. या मैदानाला पाणी घालणारी ती. प्लॅस्टिक आलं की तिच्या पाइपाचं काम संपलं, हे तिलाही ठाऊक होतं. पण हातात पाइप आला की ओठांवर ओवी यायचीच. ओवी तिची स्वतःची:

हिरव्या माझ्या लेकी, न्हाऊ घालिते सांजंला,
थोरली ना धाकली, वाटा सारखा साऱ्यांला.

आज साळुंक्या हाकलतानाही ती तेच गुणगुणत होती. चेतनाने ऐकलं आणि तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं.

"मावशी, पांढऱ्या खुंट्यांना नुसतं पाणीच दिलं होतं ना?"

"दिलं की. पाणी दिलं, वर औषध दिलं."

"काय?"

"मग!" मावशीने कमरेवर हात ठेवले. "लालला वाढायचं अन् शेजारच्या पांढरीला उपाशी उठवायचं? पंगतीत असा भेद करत्यात व्हय? टाकीत लई उरलं होतं. तुम्ही घराकडं गेल्यावर साऱ्यांना सारखं वाढलं."

"वाट लागली!" श्यामसुंदर म्हणाले.

चेतनाने डोकं धरलं. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. औषध खरं निघालं होतं, मैदानभर खरं निघालं होतं, आणि ते दाखवायला हातभर वाईट गवत उरलं नव्हतं. मावशीवर रागवायचं तरी कसं?

साळुंक्या पुन्हा खाली उतरल्या. त्याच कोपऱ्यात, पांढऱ्या खुंटीपाशी. चेतना त्यांच्याकडे बघत राहिली. साळुंक्या इकडेतिकडे फिरत नव्हत्या. जणू कुणी रांगोळीने चौकट आखून दिली होती आणि तिच्या आतच त्या चोची मारत होत्या.

ती धावली. वाकून तिने गवताची मूठ धरली. कुदळ लागलीच नाही. गवत सतरंजीसारखं सळसळत हातात आलं, त्याला मुळंच नव्हती. आणि खाली, उघड्या मातीत, करंजीसारख्या वळलेल्या, गुबगुबीत, तांबूस डोक्याच्या पांढऱ्या अळ्या. हुमणीच हुमणी.

"आहे!" चेतना किंचाळली. "सर, आहे! भरपूर आहे!"

एक अळी तळव्यावर घेऊन ती गोल गोल नाचली. मग गवत सोलत कडेपर्यंत गेली. एका रेषेवर येऊन गवत घट्ट झालं. तिथून पुढे मुळं शाबूत. चारही बाजूंना रेषा सरळ, चारही कोपरे काटकोनात.

तिने हात पुढे केला. "सर, तुमची ती गुंडाळी द्या जरा."

श्यामसुंदरांनी दिली. तिने ती उघड्या मातीवर पसरली. कडेला कड लागली, कोपऱ्याला कोपरा.

श्यामसुंदर बघतच राहिले. "अरे यार... औषध घातलं त्या दिवशी मीच इथं अंथरली होती. लोकांनी अनवाणी चालून बघावं म्हणून. दुसऱ्या सकाळी उचलली." मग ते पोट धरून हसायला लागले. "चला, कमिटीला आता इथंच बोलावतो. प्लॅस्टिक दाखवतो, आणि त्याच्याखालचंही दाखवतो. गवत कुठं जात नाही आता!"

"पुढच्या वर्षी मी पुन्हा करणार, नीट," चेतना म्हणाली. "आणि मावशी, टाकीला कुलूप."

फक्त मावशी हसत नव्हती. ती त्या चौकटीशी उकिडवी बसली होती. प्लॅस्टिकचा कोपरा उचलून तिने खालच्या उघड्या मातीवरून हात फिरवला.

"अगंबाई," ती हळहळली, "साहेबांची चटई भिजंल म्हणून कडेकडेनं गेले, अन् या लेकीला वाढायचं राहिलंच की गं!"